बाबूमामांची परीज

लग्न होऊन मी रत्नागिरीत आले, त्या पहिल्याच थंडीतली गोष्ट. नुकतं कुठे फटफटत होतं. शेजारच्या पडवीतून खणखणीत आरोळी आली, "परीज तय्याऽर!" मी दचकून उठून बसले. कोणी कोणाला हाक मारली, परीज म्हणजे काय, काहीच कळेना. ह्यांनी कुशीवर वळत म्हटलं, "बाबूमामा आहेत. झोप तू. त्यांची बोट अजून बंदराला लागलेली नाही."

बाबूमामांचं सगळं आयुष्य विलायतेला जाणाऱ्या आगबोटींवर स्वयंपाक करण्यात गेलं होतं. आता ते घरी येऊन राहिले होते. बायको कधीच वारली होती, मुलगा दत्ता मुंबईला गोदीत कामाला होता, त्याची बायको चंद्रा त्याच्याबरोबर होती. घरात मामा एकटेच. तरी रोज पहाटे चूल पेटवायची, पातेलं उतरवायचं आणि पडवीत येऊन आरोळी ठोकायची, हे काही सुटलं नव्हतं. उंच माणूस, पण बोटीवरच्या बुटक्या स्वयंपाकघरात जन्म गेल्यामुळे दारातून जाताना उगाचच मान खाली घालायचे. दार चांगलं उंच असलं तरी.

परीज म्हणजे विलायती लोकांची सकाळची लापशी. बोटीवर एक स्कॉटलंडचा मिस्त्रीसाहेब होता, त्यानं ती मामांना शिकवली. ती ओट नावाच्या धान्याची असते. मामांनी येताना ओटाचा एक डबा आणला होता, तो संपल्यावर त्यांनी खुशाल नाचणी घेतली. म्हणायचे, "साहेबाची परीज ती आपली पेजच गो. नुसतं नाव फिरवलान त्यानं."

आमच्या नि त्यांच्या परसांमध्ये दगडांचा कमरेएवढा गडगा होता. तो ओलांडून मी एके दिवशी शिकायलाच गेले. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळलेली, आणि फडक्यातून गाळलेली. मी आपली पीठ घेऊन उकळत्या पाण्याकडे निघाले, तर मामांनी हात धरला. "थांब. आधी थंड पाण्यात कालव. तापल्या पाण्यात एकदम टाकलंस तर पीठ घाबरतं, गोळा होऊन बसतं. मग कितीही समजूत घाल, सुटायचं नाय." मग मीठ, मग मंद जाळ. डाव फिरवायचा तो उजवीकडेच. "डावीकडं ढवळलं की सैतान येतो म्हणायचा मिस्त्रीसाहेब. सैतान येतो का नाय ठावं नाय, पण माझा हात त्या बाजूनं आता फिरतच नाय." पातेलं उतरवलं की गूळ आणि नारळाचं दूध. चुलीवर असताना दूध घातलं की फुटतं.

वाटी हातात घेतली की आधी दोन्ही तळव्यांना ऊब लागायची, मग वाफ तोंडावर यायची. रत्नागिरीची थंडी ती काय! देशावरचं माणूस हसेल. पण मामा कांबळं लपेटून बसायचे. मी एकदा म्हटलं, "तुम्ही बर्फाचा समुद्र पाहिलेला, तुम्हांला इथे थंडी वाजते?"

"बर्फात नाय वाजत," मामा म्हणाले, "तिथं माणसं असतात. थंडी घरात वाजते."

दोन-तीन वर्षांनी दत्ता मुंबईत तापानं गेला. मामा जाऊन पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते सुनेला घेऊन आगबोटीनं परत आले. चंद्रा माझ्याच वयाची. हसरी, तोंडाळ, मासळी साफ करण्यात कोणाला न हरणारी पोर. ती आली आणि मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. रडली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी कोणी बळजबरी केली तर चार घास गिळायची, नाही तर तेही नाही. आळीतल्या बायका येऊन शपथा घालून गेल्या. मीही घातल्या.

मामांनी एकदाही "खा" म्हटलं नाही. पहाटेची आरोळीही बंद केली. वाटी भरायची, तिच्याजवळ ठेवायची, "गरम हाय हां," एवढंच म्हणायचं आणि उठून जायचं. दिवस चढला की थंड वाटी उचलायची, ती परसातल्या गाईला घालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी. मला ते बघवेना. म्हटलं, "मामा, रागावून तरी बघा. अशानं पोर हातची जाईल."

मामा पडवीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा मी समुद्रावर होतो. आमची धाकटी पोर वारली, त्याच्यामागं हिनं अंथरूण धरलंन. खाणं टाकलंन. मी त्या वखताला बोटीवर शंभर माणसांना ताटं भरून देत होतो. कळलं मला बंदराला लागल्यावर, किती महिन्यांनी. हिला कोण वाटी पुढं करीत होतं का नाय, तेसुद्धा मला कधी समजलं नाय." त्यांनी कांबळं सारखं केलं. "मी रागवायचा कोण? मी आपला वाटी ठेवतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी मला करपल्याचा वास आला. गडग्यापलीकडे पाहते तो स्वयंपाकघरातून धूर. मी धावत गेले. मामा चुलीपुढे पाटावर बसल्या बसल्या भिंतीला टेकले होते, अंगात सणसणून ताप. डाव हातातून गळून पडलेला. मी काही करणार तेवढ्यात मागून चंद्रा आली. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. तिनं फडक्यानं पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "सरा, मामंजी. किती करपवलंत हो!"

आल्यापासून तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं धड वाक्य. तिनं मामांना माझ्या मदतीनं अंथरुणावर निजवलं, दुसरं पातेलं चढवलं, पीठ कालवलं. डाव मात्र डावीकडे फिरवीत होती. मामांनी अंथरुणावरून पाहिलं, पण बोलले नाहीत. झाल्यावर तिनं मामांना वाटी दिली. ते घेईनात. "तुझी कुठं हाय?" एवढंच म्हणाले. तिनं स्वतःची भरून घेतली आणि तिथंच बसून खाल्ली. खाता खाता हुंदका फुटला, आणि मग त्या घरात दुपारपर्यंत रडणं चाललं होतं. मी दार ओढून घेऊन घरी आले.

मामा बरे झाल्यावर मी हसत विचारलं, "मुद्दाम करपवलीत ना?" ते खरोखरच रागावले. "अन्नाची चेष्टा मी कधी केलेली नाय. ताप भरला नि डोळा लागला. देवानं केलान काय ते."

पुढची थंडी आली तेव्हा चंद्रा पुष्कळ सावरली होती. मामांनी एक दिवस केळशीहून आलेल्या एका माणसाला जेवायला बोलावलं. त्याचा स्वतःचा लहान मचवा होता, बायको बाळंतपणात गेलेली, पदरात एक मुलगी. तो गेल्यावर मामांनी सुनेपुढे पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, गोष्ट काढली. तेव्हा मी परसात कपडे वाळत घालत होते, आणि चंद्राचा आवाज आळीभर जाईल एवढा होता.

"जड झाले का मी तुम्हांला? तसं सांगा! माझी मी पोट भरीन!"

"जड नाय गो. तू हाय म्हणून ह्या घरात माणूस हाय."

"मग धाडता कशाला?"

"मी गेल्यावर तू एकटी ह्या चुलीपुढं बसशील म्हणून. मी बसलोय तसा. ते काय असतं, मला ठावं हाय."

चंद्रा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आळीत कुजबुज झाली. पोटच्या पोराच्या बायकोला म्हातारा दुसऱ्याच्या हाती देतो, आणि उद्या ह्याला पाणी कोण देणार? मामांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी चंद्रा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "त्या माणसाची पोर केवढी असेल गो?" मी काय ते समजले.

पाट लागला, ती केळशीला गेली. मामा तिला बंदरापर्यंत पोहोचवून आले आणि त्या दिवशी आमच्याकडे जेवले. पुढे दोन पावसाळे ते एकटेच राहिले. मी अधूनमधून भाजी-आमटी द्यायची. एका थंडीत त्यांच्या छातीत कफ धरला, चार पावलं टाकली की दम लागायचा. मी चंद्राला निरोप धाडला. ती नवऱ्याला घेऊनच आली, मचवा बंदरात उभा करून.

मामा हट्टाला पेटले. "सुनेच्या दुसऱ्या घरी मी येऊ? लोक काय म्हणतील?"

"मला धाडलंत तेव्हा लोकांना विचारलंत?" चंद्रा म्हणाली, आणि त्यांची वळकटी बांधायला लागली. तिच्या नवऱ्यानं मामांना हाताला धरून उठवलं. जाताना मामा आमच्या दाराशी थांबले. मला म्हणाले, "येतो गो. गाय सांभाळ."

पुढच्या वर्षी चंद्रा बाजाराला रत्नागिरीत आली ती आमच्याकडे उतरली. कडेवर तान्हा मुलगा, हाताला धरलेली ती मोठी मुलगी. मामा गेल्याचं तिनंच सांगितलं. त्रास फारसा झाला नाही, सकाळी अंगणात उन्हाला बसले होते, तिथेच मान कलली.

"अग्नी कोणी दिला?" मी विचारलं.

"ह्यांनी. मसणात गावकऱ्यांनी अडवलं. म्हणाले, आधीच्या घरचा सासरा, ह्या घराचा तो कोण लागतो? ह्यांना काय सांगावं सुचेना. ते घरी आले विचारायला."

"मग?"

चंद्रानं तान्ह्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मग काय? मी सांगितलं, जाऊन सांगा त्यांना, चंद्राचा बापूस लागतो."