फवारणीआधी लावलेलं तेल

मागच्या बुधवारी यवतमाळला दवाखान्यात गेले होते. माझ्या अकरावीच्या वर्गातल्या वैशालीचे बाबा कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आयसीयूत होते...

मी दारव्ह्याला बायोलॉजी शिकवते. पेशीपटल हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर चरबीचे दोन थर काढायचे, मध्ये मध्ये प्रोटीनचे दरवाजे. पाणी चरबीतून सहजासहजी जात नाही, त्याला दारातूनच यावं लागतं... वीस वर्षं तेच चित्र, तेच विनोद.

वैशाली बाहेर बाकावर बसली होती. रडत नव्हती. मला पाहून सरळ म्हणाली, "मॅडम, मी बाबाच्या अंगाले रोज खोबऱ्याचं तेल लावून देत होती. तुमीच सांगतलं ना, चरबीतून पानी जात नाही... मंग औषध अंदर कसं गेलं?"

आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. ते पाण्यात कालवून पंपात भरतात, म्हणजे पाणीच, असं तिला वाटलं होतं.

उत्तर मला माहीत होतं. ते विष चरबीत विरघळतं. त्याला दार लागतच नाही, ते भिंतीतूनच आत शिरतं, आणि अंगावरचं तेल त्याला उलट मदतच करतं. परीक्षेत येत नाही म्हणून एवढा भाग मी दरवर्षी "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून देते.

खोटं बोलावंसं वाटलं. खूप वाटलं. पण तिला खरं सांगितलं, आणि चूक तुझी नाही, मी अर्धंच शिकवलं, हेही सांगितलं.

शुक्रवारी तिचे बाबा गेले.

मयतीला गेले तेव्हा वाटलं, ही माझं तोंडही बघणार नाही... आणि बघूही नये. पण तीच जवळ आली. "मॅडम, काकाची फवारनी बाकी हाय. माह्यं पाहून काकू बी त्याइले तेल लावून देते. तुमीच सांगा तिले... माह्यानं नाही होत."

तिथेच ओसरीवर काकूंचा हात धरून बसले. तेल नको, अंगभर कपडे घालू द्या, कपडे भिजले की लगेच काढून साबणानं धुवा... सगळं सांगितलं. आजूबाजूच्या बायाही ऐकत होत्या.

वीस वर्षांत पहिल्यांदा तो धडा मी पूर्ण शिकवला. एका माणसाच्या मयतीत बसून... याची लाज मला जन्मभर पुरेल.