न धुतलेला पटका

साल दोन हजार बावीस, वैशाख महिना, शेवटचा आठवडा. वडवणीच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. त्या दिवशी माझ्या हातून जे झालं, ते भावकीतल्या प्रत्येकाने आपापलं मीठमसाला लावून सांगितलेलं आहे. आता माझ्याकडून ऐका. चहा निवायच्या आत संपेल.

आधी माझा नियम. ऊन मला लागत नाही. साठ वर्षं मेंढरांमागे हिंडलो, छत्री घेतली नाही. लग्नकार्यात मी धोतर, जाड नेहरू शर्ट, वर काळा कोट आणि डोक्याला लाल पटका, असाच जातो. पौष असो की वैशाख. माणूस ऋतू पाहून कपडे बदलायला लागला, तर लोकांनी त्याला ओळखायचं कसं?

त्या साली नातीचं, सारिकाचं, लग्न ठरलं. मुलगा पाटोद्याचा. मुलाचे आजोबा बापूराव, म्हणजे माझे व्याही. सुपारी फोडायला आले तेव्हा अंगात पातळ, सैल, पांढरा सदरा आणि डोक्यावर पांढरी दस्ती. दस्ती म्हणजे हा एवढा मोठा रुमाल. आणि तोही ओला! नळ दिसला की गडी उठायचा, दस्ती भिजवायचा, पिळायचा, डोक्यावर टाकायचा. दिसत होते रुबाबदार. हे मी आज सांगतोय. त्या दिवशी काय म्हणालो?

"व्याही, ते डोकं हाय का भाकरीचं पीठ? सारखं पानी लावताय."

पन्नास माणसं हसली. बापूराव हसले नाहीत.

"ऊन लई हाय, आबा."

"ऊन बायकांना लागतं, आन् शहरातल्यांना."

"आन् आमी चुलीम्होरं बसताव ते?" आमची म्हातारी आतून म्हणाली. मी ऐकलं नाही.

लग्नासाठी मी वडवणीच्या बाजारातून नवा पटका आणला. लालभडक. म्हातारीने कापड बोटांत चोळलं आणि बोट मला दाखवलं.

"आवं, कच्चा रंग हाय. एक पानी काढा त्याला."

"पानी काढलं की त्याचा कडकपना जातो. मग बांधायचा कशाला?"

"बरं. भिजू नका मग."

वैशाखात मी कशाला भिजतोय? सांगा तुम्हीच.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दोन तास उशिरा. मी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेलो. वर कोट. सनईवाले दोन होते, मला चार दिसायला लागले. घाम पाठीवरून धोतरात उतरला. पाहुणे म्हणत, "आबा, कोट तरी काढा." मी म्हणत होतो, "कावून काढायचा?"

शेवटी उठलो. मांडवामागे पाण्याची टाकी होती. आजूबाजूला कोणी नाही, फक्त एक म्हैस. पटका सोडला, निम्मा टाकीत बुडवला, निम्मा कोरडा ठेवला. ओला भाग आत, कोरडा बाहेर, असा परत बांधला. आतून गारवा, बाहेरून रुबाब. साठ वर्षांत ही अक्कल कशी सुचली नाही, याचंच नवल वाटलं. म्हैस बघत होती, पण ती कोणाला सांगणार?

तेवढ्यात वाजंत्री जवळ आली. व्याहीभेट! म्हणजे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी मांडवाच्या तोंडाशी गळाभेट घ्यायची. आमच्याकडून मी, तिकडून बापूराव. अंगात परीटघडीचे पांढरे कपडे, डोक्यावर दस्ती. ओलीच.

भेटलो. उजव्या खांद्याला खांदा, मग डाव्या. वेगळे झालो आणि बाया किंचाळल्या.

माझ्या कपाळावरून, दोन्ही कानांमागून, मिशीतून लाल ओघळ चालले होते. बापूरावांचे दोन्ही खांदे लाल.

"आबाला मारलं!"

हा आवाज माझ्या पुतण्याचा, दगडूचा. तो वरणाची बादली घेऊन उभा होता. बादली खाली ठेवली आणि पळी हातात तशीच ठेवून त्याने बापूरावांची गचांडी धरली. आधी रक्त, आता वरण. पांढरा सदरा गेला.

"कोनी मारलं बे? आमी तर आत्ता उतरलाव!" पाटोद्याचे लोक पुढे आले.

पाहुण्यांत एक कंपाउंडर होता. त्याने मला खाली बसवलं आणि पटका सोडायला घेतला. जसजसा आतला पदर आला, तसतसं जास्त लाल. त्याने डोकं चाचपलं.

"जखम सापडत न्हाई."

"खोल आसंल," कोणीतरी म्हणालं.

आता तुम्ही विचाराल, आबा, तुम्ही काय करत होतात? एक वाक्य बोलायचं होतं. पटका मी भिजवला. तीन शब्द. पण ते तीन शब्द बोललो असतो तर सुपारीच्या दिवशीचं सगळं माझ्याच तोंडावर आलं असतं. मी तोंड मिटून रक्ताळल्यासारखा बसून राहिलो. म्हातारी बायांत उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता. लोकांना वाटलं, रडतेय.

तिकडे मुलाचा चुलता ओरडत होता, "आमच्यावर मारल्याचा आळ? लगीन नको आन् काही नको! बसा रे गाडीत!" आणि खरोखरच दोन बाया गाडीत जाऊन बसल्या.

सारिका मुंडावळ्या बांधून दारात आली. "आबा, बोला की काही!"

मी बोललो नाही. हे लिहून ठेवा.

बापूरावांनी दगडूचा हात शांतपणे बाजूला केला. खांद्यावरचा लाल डाग बोटाने चोळला, बोट हुंगलं. भेटताना त्यांना गार लागलं असणार. रक्त गार नसतं. ते माझ्यासमोर वाकले आणि मलाच ऐकू जाईल असं विचारलं, "आबा, ऊन लई हाय का?"

मी खाली पाहिलं.

ते वळले आणि मोठ्याने म्हणाले, "गप बसा रे! आमच्यात व्याहीभेटीला व्याह्याच्या डोक्याला रंग लावतेत. मीच लावला."

"आशी कुठं रीत आसती?" दगडू.

"पाटोद्याला आसती."

पाटोद्याचे लोक एकमेकांकडे बघत राहिले. पण म्हाताऱ्याला खोटं कोण पाडणार? बाया गाडीतून उतरल्या. बापूरावांनी स्वतःच्या डोक्यावरची ओली दस्ती काढून माझ्या डोक्यावर ठेवली. अख्खं लग्न मी तीच घेऊन बसलो. कोटसुद्धा काढला. खोटं सांगत नाही, लई गार वाटलं.

दुसऱ्या वैशाखात बापूरावांच्या धाकट्या नातवाचं लग्न पाटोद्याला. आम्ही गेलतो. नव्या सोयऱ्यांच्या हातात काय असावं? लाल रंगाची बादली! "तुमच्यात रंगाची रीत हाय म्हनं. आमी तयारीनं आलाव." बापूराव नव्या पांढऱ्या सदऱ्यात उभे. नाही म्हणावं तर मागचं खोटं उघडं पडतं, हो म्हणावं तर बादली अंगावर. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो.

"रंगाची रीत न्हाई," मी म्हणालो. "गेल्या साली पटका मी भिजवला. मला सांगवंना म्हून व्याह्यानं झाकून घेतलं. बादली खाली ठेवा."

मग बायांतून आवाज आला, आमच्याच म्हातारीचा. "म्हंजी ऊन लागलं व्हय तुमाला?"

"लागलं."

दोन गावं हसली. मी हसणं संपेपर्यंत उभा राहिलो. मग खिशातून दस्ती काढली. धुऊन, घडी करून आणली होती. बापूरावांनी उलगडून पाहिली.

"आबा, ही माझी न्हाई. माझी पांढरी होती."

"तुमचीच हाय. पाच पान्यात धुतली. आता एवढीच निघती."

गुलाबी दस्ती त्यांनी बादलीशेजारच्या रांजणात भिजवली, पिळली आणि डोक्यावर टाकली.