ड्रमवरचे क्यूआर कोड

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग धुऊन रंगवतात. तिथं मी सेफ्टी ऑफिसर. म्हणजे जिची चाहूल लागली की कपाळावरचे गॉगल पटापट डोळ्यांवर उतरतात, ती बाई. मी आल्याचा आनंद कुणालाच होत नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही.

मध्यंतरी कंपनीनं एक सॉफ्टवेअर घेतलं. प्रत्येक केमिकलसोबत माहितीपत्रक येतं, अंगावर सांडलं तर काय करायचं, डोळ्यात गेलं तर काय. आमच्याकडं ती जाडजूड फायलींत होती, फायली कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुणाकडं ते विचारूच नका. ती सगळी मी सॉफ्टवेअरमध्ये चढवली. पुनावळ्याहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्येसुद्धा लॅपटॉप मांडीवर. सप्लायर लोक पत्रकं पाठवायचे तीही धन्यच. कुणाचं चहाच्या डागासकट स्कॅन केलेलं, कुणाचं भलत्याच केमिकलचं. एकजण म्हणाला, "मॅडम, साबणच आहे हो तो, त्याला कसला कागद?" त्याला असा झापला की संध्याकाळच्या आत कागद आला.

शेवटी प्रत्येक ड्रमवर क्यूआर कोड चिकटवला. मोबाईल धरा, पत्रक हजर. ऑडिटला आलेल्या साहेबांनी स्वतःच्या मोबाईलवर तीन ड्रम स्कॅन केले आणि तोंडभरून कौतुक केलं. मी आठवडाभर हवेत होते.

साहेब पाहुणे होते, म्हणून त्यांच्याकडं मोबाईल होता. आमच्या कामगारांचे मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये असतात. आदल्या वर्षी एकजण रील बघत फोर्कलिफ्टसमोर गेला, थोडक्यात वाचला. तेव्हा मॅनेजरच्या डोक्यावर बसून तो नियम मीच करून घेतला होता. माझाही मोबाईल मी तिथंच ठेवायचे, नियम म्हणजे नियम. आता बोला! ज्या बाईनं मोबाईल बंद केले, तिनंच मोबाईलवर चालणारे कोड चिकटवले, आणि हे तिच्यासकट कुणाच्याही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते एका सकाळी. धुण्याच्या लाइनवर लातूरकडच्या एक ताई आहेत. टाकीत कॉस्टिक, म्हणजे भागांवरचं तेल-ग्रीस काढणारं जहाल केमिकल, ओतताना त्यांच्या डोळ्यात उडालं. वाफेनं काच धुरकटली म्हणून गॉगल वर सरकवलेला. एकजण मोबाईल आणायला गेटकडं पळाला, तर वॉचमन म्हणाला, मॅडमची सही आणा. मी ऑफिसात पळाले, कॉम्प्युटरवरून पत्रक छापलं आणि सहा पानं इंग्रजी घेऊन धापा टाकत परत आले.

तोवर लाइनच्या सुपरवायझर काकांनी ताईंना डोळे धुवायच्या नळाखाली धरलं होतं. तळेगावचा माणूस, बोलणं रांगडं. ताई सुटायला बघत होत्या, रडत होत्या. काका म्हणाले, "मी काय सोडीत न्हाई. मॅडम, तुमी घड्याळ बघा." मी घड्याळ बघत उभी राहिले. हातातल्या चौथ्या पानावर तेच लिहिलं होतं, लगेच आणि बराच वेळ पाण्यानं धुवा. काकांनी ते पान कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, लगेच धुतलं म्हणून डोळा वाचला. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. लाजेनं रडले, खोटं कशाला सांगू?

ताई बऱ्या होऊन कामावर आल्या, तेव्हा अपघाताच्या रिपोर्टसाठी त्यांना माझ्यासमोर बसवलं. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "मॅडम, माझ्यामुळं तुमच्या कामाला बट्टा लागला. माफ करा."

मला स्वतःचाच राग आला. म्हटलं, "ताई, चूक माझी आहे. तुम्ही माफी मागू नका."

माझ्या कॉम्प्युटरवर कॉस्टिकचं पत्रक उघडलेलं होतं. त्यांनी स्क्रीनकडं बोट केलं. "त्या कागदात काय लिवलंय तेवढं वाचून दाखवा की."

मी एकेक ओळ मराठीत सांगू लागले. त्वचा भाजते. श्वासाला त्रास होतो. डोळ्यात गेल्यास कायमचं अंधत्व येऊ शकतं.

ताई म्हणाल्या, "सहा वर्सं झाली, रोज ओतते मी ते. हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

आणि खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "पुढं वाचा."