वन्संच्या वाटणीची चटणी

मार्च अर्धा सरला की आमच्या भागातल्या शाळा सकाळच्या होतात. सातला पोरं दप्तरं घेऊन जातात आणि साडेअकराला घामेजून परत येतात. आमच्या घरात त्यानं काही फरक पडत नाही, कारण माझ्या दोघी पोरी शाळेत जातच नाहीत. थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती, धाकटी सात.

त्यात काही मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. थोरली दुसरीत असताना रोज सकाळी रिक्षाचा हॉर्न वाजला की बेसिनकडं पळायची आणि उलटी करायची. दोन डॉक्टर झाले, लिंबं उतरून टाकली, काही उपयोग झाला नाही. मग सहा महिने घरी ठेवू म्हणून ठेवली. उलट्या थांबल्या. मी बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी क्लासमध्ये गणित शिकवलेलं, म्हणून मीच शिकवू लागले. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची चार झाली. धाकटीला घातलीच नाही. नवऱ्याचं लेथ मशीनचं लहानसं वर्कशॉप आहे. तो म्हणाला, “पोरी हसत्यात न्हवं? मग झालं की.” सासूबाई वर्षभर कुरकुरल्या, मग नातीकडनं मोबाइलवर कीर्तन लावायला शिकल्या आणि गप्प बसल्या.

अशाच एका सकाळी अकराच्या सुमारास दारात दोघीजणी उभ्या राहिल्या. हातात रजिस्टर, डोक्यावरनं पदर घेतलेला, उन्हानं तोंडं लाल झालेली. मी पाणी दिलं. दोघीही शिक्षिका होत्या. शाळेत न जाणाऱ्या मुलांचा सर्व्हे चालू होता.

“तुमच्यात दोन मुली शाळाबाह्य हायेत असं कळलंय,” त्यांतली वयस्कर म्हणाली. तिच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. काम करायला आली होती बिचारी.

मी सगळं सांगितलं. वह्या दाखवल्या, दहावीला थोरलीला बाहेरनं बसवणार तेही सांगितलं. ती लिहून घेत होती. रजिस्टरच्या पानाला टाचणीनं एक चिठ्ठी लावली होती, त्यावर आमचा पत्ता आणि दोघींची नावं होती. खाली एक ओळ होती: “मुली हुशार आहेत, पण आईच्या हट्टामुळे शाळाबाह्य.”

ते अक्षर मला वाचावं लागलं नाही, बघितल्याबरोबर ओळखलं. माझी नणंद लग्नाआधी या घरातल्या सगळ्या डब्यांना पट्ट्या चिकटवून गेली होती. हळद, डाळ, तीळ. तिचा ‘ळ’ निराळाच असतो, खाली लांब शेपूट ओढलेला. बारा वर्षं मी तो ळ दिवसातनं दहा वेळा बघत आले होते. तोच आता ‘शाळाबाह्य’मध्ये बसला होता.

माझी नणंद शिरोळकडं एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी मी तिला वन्सं म्हणते आणि ती मला वैनी. संक्रांतीला तीच याच बाहेरच्या सोप्यात बसून माझ्या हातच्या पोळ्या खाऊन गेली होती. थोरलीला मांडीवर डोकं ठेवून झोपवलं होतं तिनं.

बाया गेल्या. समोरच्या दोन्ही घरांच्या दारांत माणसं उभी होती. थोरली आत उभी राहून सगळं ऐकत होती.

“आई, शाळाबाह्य म्हणजे?”

मी काहीतरी सांगितलं. तिनं मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी तिला कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबिरीला पाठवलं तर म्हणाली, “बाराला जाते.” का, तर तोवर शाळा सुटलेली असते आणि रस्त्यावर पोरं असतात. मग कुणाला कळत नाही. आधी ही पोरगी सकाळी दहाला भर रस्त्यात सायकल फिरवायची, आल्यागेल्याशी बोलायची. आता खिडकीच्या गजाला नाक लावून शाळा सुटायची वाट बघायला लागली. धाकटीनं तर खेळच काढला. बाहुल्यांना ओळीत बसवायची आणि एकीला बाजूला काढून म्हणायची, “तू शाळाबाह्य.”

नवऱ्याला मी अक्षराचं सांगितलं नाही. त्यानं “सोड की, बहीण हाय माझी” म्हटलं असतं आणि मला सोडायचं नव्हतं. भांडी घासताना, केर काढताना मी तिच्याशी मनातल्या मनात भांडायची. कधी तिच्या शाळेत जाऊन सगळ्या शिक्षकांसमोर सुनावायची, कधी गावच्या यात्रेला सगळी भावकी जेवायला बसलेली असताना पंगतीत उभी राहून सांगायची. प्रत्येक भांडणात ती शेवटी रडायची. मला ते फार आवडायचं. एकदा तर तिचं रडणं मनात रंगवत बसले आणि आमटी करपली.

एप्रिल लागला. गच्चीवर मिरच्या वाळायला पडल्या. वर्षाची चटणी मीच करते. चटणी म्हणजे आमच्याकडं तिखट, कांदा-लसूण घालून कुटलेलं, ज्याच्याशिवाय आमटी की भाजी की रस्सा, काहीच होत नाही. नणंदेची वर्षाचीही मीच करून देते. तिच्या लग्नापासूनचा रिवाज. नोकरीमुळं तिला सवड नसते आणि माझ्या हातची तिच्या घरी आवडते.

तिचा फोन आला. “वैनी, औंदा बी चटणीचं बघतासा न्हवं?”

“बघते की,” मी म्हटलं. “औंदा जरा जास्तच बघते.”

फोन ठेवला तेव्हा मला काय करायचं ते कळलं होतं.

आमच्या चटणीत दोन जातीच्या मिरच्या पडतात. ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. दोन किलोला दीड किलो ब्याडगी, अर्धा किलो संकेश्वरी. नणंदेच्या वाटणीला मी उलटं केलं. दीड किलो संकेश्वरी आणि अर्धा किलो ब्याडगी. रंग मारला जाईल म्हणून वर मूठभर काश्मिरी टाकली. इतकं मन लावून मी कुठलीच चटणी केलेली नाही. खोबरं नीट तांबूस भाजलं, तीळ भाजले, लसूण निवडून मोठ्या पाकळ्यांचा घेतला. चव चांगलीच व्हायला हवी होती. वाईट झाली असती तर तिनं टाकून दिली असती. मला ती वर्षभर तिच्या ताटात हवी होती. रोज दोन वेळा.

दोन्ही वाटण्यांचं वजन पोरींनीच केलं. चटणीचे आठ दिवस म्हणजे आमचा गणिताचा धडा असतो. थोरली काट्यावर वजन करून वहीत मांडते, धाकटी देठ मोजते. थोरलीनं दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘आपली’, दुसऱ्यावर ‘आत्याची’. मग थांबली.

“आई, आत्याची उलटी का?”

“आत्याला तिखट आवडतं.”

तिनं तेही लिहून घेतलं. रकान्याखाली टीप म्हणून. मिरच्या गल्लीच्या टोकाच्या डंकावर कुटून आणल्या. दोन डबे भरले. संकेश्वरीच्या खकाण्यानं माझे डोळे दोन दिवस चुरचुरत होते आणि मी गाणी गुणगुणत होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात नणंद चार दिवसांसाठी माहेरी आली. मी हसून पाणी दिलं, पाठ शेकेल एवढं गरम नहाणं काढून दिलं, दुपारी आंब्याचा रस केला. तिच्या चेहऱ्यावर कुठंच काही नव्हतं. त्यानं मला जास्तच संताप आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती सोप्यात पंख्याखाली बसली होती. सासूबाई लसूण सोलत होत्या. नणंद थोरलीला म्हणाली, “आण की गं तुझी वही. काय काय शिकलीस बघू.”

मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं ती भूगोलाची आणेल. तिनं चटणीची आणली. थोरलीला त्या वहीचा अभिमान होता. गुणोत्तराची सहा उदाहरणं तिनं स्वतः तयार करून सोडवली होती.

नणंदेनं पर्समधनं लाल पेन काढलं. शिक्षिकाच ती. एकेक उदाहरणावर बरोबरची खूण करत गेली. “छान हाय अक्षर. छान.” मग तिचं पेन थांबलं. मी दारातनं बघत होते. तिनं दोन्ही रकाने वाचले, खालची टीप वाचली.

“आत्याला तिखट आवडतं,” ती हळूच म्हणाली.

सासूबाई लसणातनं मान वर न करता म्हणाल्या, “हिला कुठलं तिखट आवडतंय? भडंग खाल्लं तरी डोळ्यातनं पाणी येतंय हिच्या.”

नणंदेनं त्या रकान्यावरही बरोबरची खूण केली. वजनं बरोबरच होती. खाली सही केली, वही मिटली आणि उठून स्वयंपाकघरात आली. दार ओढून घेतलं.

“वैनी, कशाबद्दल?”

“तुम्हाला म्हाईत हाय.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली. “त्या दोघी आल्या होत्या व्हय?”

“आल्या होत्या. तुमची चिठ्ठी घेऊन.”

मला वाटलं ती नाकारेल. मी त्याची तयारीही केली होती, डबा काढून तिच्यापुढं आपटणार होते. पण ती म्हणाली, “व्हय. मीच दिली. त्यातली एक माझ्या ओळखीची हाय. थोरलीसारखी पोरगी माझ्या अख्ख्या वर्गात न्हाई, वैनी. तुम्ही तिला तागडी धरायला बसवलीय.”

“तोंडावर बोलायचं होतं.”

“बोलले असते तर ऐकलं असतंसा?”

“नसतं.”

“मग?”

मी मनातल्या मनात केलेल्या इतक्या भांडणांत तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं. माझा आवाज चढला. मी तिला सांगितलं की तुमच्या भाचीला आता सुट्टी लागली तरी बारा वाजल्याशिवाय रस्त्यावर जायची लाज वाटते. खिडकीत उभी असते. सायकलवर धूळ बसलीय.

तिचा चेहरा उतरला. “ते मला ठाऊक न्हवतं.”

“चटणीचंही ठाऊक व्हायला नको होतं. रोज तोंड पोळलं असतं आणि का ते कळलं नसतं, तेवढंच मला पायजे होतं.”

ती रडली नाही. मी खरोखर वाट बघत होते. तिनं तांब्यातनं पाणी घेतलं, प्यायली आणि बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच एसटीनं निघाली. निघताना चटणीचा डबा मागितला. मी म्हटलं, राहू द्या. ती म्हणाली, “माझ्या वाटणीची हाय न्हवं?” आणि पिशवीत घातला. नवरा डबा घेऊन स्टँडपर्यंत गेला, त्याला काहीच माहीत नव्हतं.

त्या दुपारी थोरलीनं मला वही दाखवली. खालची टीप तिनं पट्टी लावून खोडली होती.

“तू मला खोटं लिहायला लावलंस.”

“आत्यानं काय केलं ते तुला म्हाईत न्हाई.”

“मला म्हाईत हाय. दाराला कान लावून ऐकलं मी. पण ही माझी वही हाय.”

पंधरा दिवस तिनं माझ्याकडं गणित केलं नाही. वडिलांकडं, लेथवर, मापं घ्यायला जाऊन बसायची. दुपारी नाही, सकाळी दहाला. सायकल पुसून, आमच्या गल्लीतनं, सगळ्यांच्या देखत. बहुधा माझ्यावरच्या रागानं तिला शाळाबाह्य असल्याची लाज विसरायला लावली. मी गच्चीवरनं बघायची आणि मला बरं वाटायचं, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती. सर्व्हेच्या कागदाचं पुढं काही झालं नाही. एकदा बोलावणं आलं, वह्या घेऊन जाऊन आले, संपलं.

दिवाळीत भाऊबीजेला नवरा बहिणीकडं जाऊन आला. आल्या आल्या माठाशी गेला.

“काय गं चटणी केलीस तिची? मटणाच्या रश्शानं कानातनं धूर निघाला माझ्या. तिच्याकडं सगळी दह्याची वाटी घेऊन बसत्यात जेवायला. म्हटलं, टाकून दे की ही. तर म्हणाली, न्हाई, वैनीनं केलीय, संपवायची.”

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो माठातलं आणखी एक भांडं पाणी प्यायला. मग म्हणाला, “दोघी बी सारख्याच हाईसा,” आणि कपडे बदलायला गेला.

मला आनंद व्हायला हवा होता. मागितलं होतं तेवढं सगळं मिळालं होतं, रोज दोन वेळा, वर दह्यासकट. पण ती जाणूनबुजून खात होती. मी शिक्षा दिली आणि तिनं ती घेतली, वर मान ताठ ठेवून. त्या दह्याच्या वाट्यांचं चित्र डोळ्यांपुढं आलं की मला तिचा नव्यानं राग यायचा. एकदा तरी फोन करून शिव्या द्यायच्या होत्या तिनं. मग आमची बरोबरी झाली असती.

यंदा पुन्हा मिरच्या गच्चीवर पडल्या आहेत. फोन आलेला नाही. तिनं शिरोळच्या बाजारातनं स्वतःच मिरची घेतली, असं सासूबाईंकडनं कळलं. मी एकाच घरापुरती चटणी करते आहे. थोरली काटा धरते, वहीत एकच रकाना आखते आणि माझ्याकडं न बघता विचारते, “बाकी काही लिहायचं न्हाई न्हवं?”