न वाचलेली ओळ

एका ओळीप्रमाणे वागण्याचे वचन मी दिले होते आणि ती ओळ प्रत्यक्षात वाचलीच जात नव्हती. ही गोष्ट मी बरीच वर्षे कुणाला सांगितली नाही. आज बोर्ली पंचतनच्या एका अंगणात, वाळत घातलेल्या सुपारीच्या केशरी पसाऱ्यासमोर बसलो आहे. उन्हाने तापलेल्या सालींचा किंचित आंबूस वास येतो आहे आणि त्या वासाबरोबर ती ओळ पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहते आहे.

मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. नवी मुंबईतल्या एका कंपनीत असताना मी एक बिल्ड टूल लिहिले होते. प्रोग्रॅम अनेक जण तुकड्यातुकड्यांनी लिहितात. ते तुकडे योग्य क्रमाने जोडून चालता प्रोग्रॅम उभा करणे, हे अशा टूलचे काम. माझ्या टूलमधले सारे निर्णय माझे होते. कुठून सुरू करायचे, काय पुसायचे, तयार झालेले कुठे ठेवायचे, हे मी एकदाच ठरवून टाकले होते आणि त्या ठरवण्याचा मला मोठा अभिमान होता. दर वेळी आधीचे सगळे पुसून पाटी कोरी करायची, हा तर माझा हट्टच. त्या कोरेपणात मला एक प्रकारची शुचिता दिसे.

या घरची लेक तेव्हा माझ्या हाताखाली काम करीत असे. वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून ती इथे परतली. काही काळ घरून काम करून पाहावे, जमले तर तसेच चालू ठेवावे, असे कंपनीशी ठरले होते. पण इथे वीज जाई. अर्धे झालेले काम थांबे आणि वीज आल्यावर माझे टूल सारे पुसून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. तिने सुचवले, की टूलने प्रत्येकाची सेटिंगची एक फाइल वाचावी आणि तीत एक पर्याय असावा : आधीचे ठेवा, राहिले तिथून पुढे जा. मला ते पटले नाही. पण तसे तोंडावर सांगण्याचा सरळपणाही माझ्यात नव्हता. मी फाइल दिली. इतर पर्याय नीट जोडले. तिची ओळ माहितीपत्रकात लिहिली, टूल ती बिनतक्रार स्वीकारीही. मात्र तिच्यावरून प्रत्यक्ष काही करण्याचा भाग मी लिहिलाच नाही. नंतर पाहू, असे स्वतःला सांगितले.

तिने ती ओळ आपल्या फाइलीत घातली आणि विश्वास ठेवला. वीज जात राहिली, काम कोरे होत राहिले. एका बैठकीत, पडद्यावरून, तिने अडखळत सांगितले की बहुधा आपलीच मशीन कमकुवत असावी. त्याच क्षणी मला कारण उमगले. मी मान खाली घालून बसून राहिलो. तिकडून काम होत नाही, असे ठरले. तिने आईजवळ राहणे पत्करले आणि नोकरी सोडली. त्यानंतरच मी तो राहिलेला भाग लिहिला. प्रत्येक बदल चार शब्दांत सर्वांना कळवण्याची आमच्या कामात रीत आहे. हा बदल मी न कळवता आत सरकवला.

पुढे कंपनीने ते टूल जगासाठी खुले केले. अलीकडे इंटरनेटवर सहज पाहायला गेलो, की अजून कुणी वापरते का. आणि थक्क झालो. डोंगरातली एखादी शाळा, उन्हावर यंत्रे चालवणारी. समुद्रावर महिनोन्‌महिने राहणारे एखादे जहाज. दिवसातून कितीदा तरी दिवे जाणारे दूरचे शहर. या साऱ्यांच्या फाइली तिथे उघड्या होत्या आणि फाइलीमागून फाइलीत तिची ओळ होती. टूलने सोडून द्यायचा, केवळ माणसांसाठीचा मजकूरही अशा फाइलीत लिहिता येतो. एकाने ओळीच्या वर परक्या भाषेत लिहिले होते, की आमच्याकडे रोज वीज जाते. ज्याला हे सुचले त्याचे भले होवो. ती अक्षरे मी, गाभाऱ्यापुढे उभे राहून वाचावीत तशी, पुन्हा पुन्हा वाचली. इथल्या अंधारात सुचलेली एक लहानशी मागणी कुठल्या कुठल्या अंधारांत लोकांचे अर्धे काम जपून ठेवीत होती. आणि तो आशीर्वाद चुकून माझ्या दारी आला होता.

म्हणून आज इथे आलो. ती आता म्हसळ्याच्या कॉलेजात शिकवते. तिने चहा आणला. तिची आई सुपारी खालीवर करता करता माझी फिरकी घेत होती.

“ती मशीन शेवटी भंगारात दिली, सर,” लेक हसत म्हणाली. “माझी नोकरी तिनं खाल्लीन, असं अम्मी अजून म्हणते.”

“खाल्लीनच ती,” आई म्हणाली. “तुमच्या मुंबयची असती तर नसती खाल्लीन. तिकडं वीज जात न्हाय ना, भाऊ.”

ती मात्र गंभीर झाली. “पण शिकायला मिळालं. मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगते. चूक टूलची नसते, आपली असते. आधी स्वतःला तपासा.”

मला वाटत होते, काळाने सारे पुसून पाटी कोरी केली असेल. पण काळ माझ्या टूलसारखा नसावा. तो तिच्या ओळीप्रमाणे आधीचे ठेवतो आणि राहिले तिथूनच पुढे जातो. माझे मौन इथून म्हसळ्याच्या वर्गात गेले होते आणि न पाहिलेल्या मुलांना स्वतःवर संशय घ्यायला शिकवीत होते. मी कप खाली ठेवला.

“चूक तुमची नव्हती,” मी म्हणालो. “मशीनचीही नव्हती. तुमची ओळ टूल वाचतच नव्हतं. मी ते काम केलंच नव्हतं. त्या बैठकीत मला ते कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. मला माफ करा.”