नेमणूक रद्द, शुभेच्छा कायम

सांगलीच्या एका खाजगी कॉलेजात मी बरीच वर्षं ग्रंथपाल होते. पाचगणीच्या एका निवासी शाळेनं मुलाखत घेऊन मला नेमणूकपत्र दिलं. मी लेखी होकार कळवला आणि कॉलेजात राजीनामा दिला. ज्या प्राचार्यांना माझं आडनाव कधी धड आठवलं नव्हतं, त्यांनी निरोप समारंभात मी संस्थेचा कणा असल्याचं जाहीर केलं. कणा काढून घेतल्यावरही संस्था दुसऱ्या दिवशी ताठ उभी होती.

भाड्याचं घर सोडून सामान साताऱ्याजवळच्या गावी, वडिलांकडे टाकलं. रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात शाळेचा ईमेल आला. अंतर्गत पुनर्रचनेमुळे आपली नेमणूक रद्द करत आहोत, उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. आधी भविष्य काढून घ्यायचं आणि मग त्याला शुभेच्छा द्यायच्या, इतकी सुसंस्कृत शाळा.

वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी ईमेल दोनदा वाचून घेतला.

"पोस्टिंगची आर्डर निघाली म्हंजे निघाली. ट्रंक उचल आन जा. कोण अडवतंय बघू."

"आवं आबा, वॉचमन आत सोडायचा न्हाई."

"मग गेटावर हजेरी लाव."

गेटावर जाण्याऐवजी मी साताऱ्यातल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कागद चाळले.

"पत्र त्यांनी दिलं, तुम्ही स्वीकारलंत. करार झाला, आणि तो त्यांनी मोडला."

मी खुर्चीत सावरून बसले.

"पण कोर्ट त्यांना तुम्हाला नोकरीवर घ्यायला लावणार नाही. मिळाली तर नुकसानभरपाई. त्यांच्या भरवशावर चालू नोकरी सोडलीत, हे आपल्याला दाखवावं लागेल."

"आणि कामगार न्यायालय?"

"तुम्ही रुजूच झाला नाहीत, तिथं टिकणं अवघड. दिवाणी दावा लावता येईल, पण त्याला वर्षं जातील. तोवर दुसरी नोकरी शोधत राहा. नाहीतर ते म्हणतील, बाई स्वतःच घरी बसल्या."

म्हणजे अन्याय झाला म्हणून चार दिवस निवांत रडायचीही कायद्यात सोय नव्हती.

आम्ही नोटीस पाठवली. उत्तर आलं की नेमणूकपत्र हे फक्त 'इरादा' व्यक्त करणारं होतं. वकीलबाईंनी दुसऱ्या पत्राला माझा राजीनामा जोडला, आणि शाळेनंच करायला लावलेल्या वैद्यकीय तपासणीचा अहवालही. नुसत्या इराद्यासाठी माझ्या छातीचा एक्सरे कशाला काढलात, असं त्यांनी फार सभ्य भाषेत विचारलं.

मग व्यवस्थापकांचा फोन आला. "मॅडम, आपण एका कुटुंबासारखे. कोर्टकचेरी कशाला?"

त्या कुटुंबात मी पाऊलही टाकलं नव्हतं, तरी भाऊबंदकी सुरू झाली होती. मी म्हटलं, "जे काय असेल ते लेखी द्या."

तीन महिन्यांच्या पगारावर तडजोड झाली. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, 'कोणतीही चूक मान्य न करता'.

"मग पैसं कशापायी देत्यात?" वडिलांनी विचारलं.

"सदिच्छा म्हणून."

"लय सदिच्छा हाय रं बाबा," म्हणत ते गोठ्याकडे गेले.

पुढे कराडच्या एका कॉलेजात जागा मिळाली. पगार पाचगणीपेक्षा कमी. मुलाखतींसाठी मैत्रिणीकडे राहते, एवढंच सांगून मी घरून निघाले होते. रुजू झाल्याचं घरी दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, पगारासाठी बँकेत खातं उघडून झाल्यावर. वडील रागावले. पेढे मात्र त्यांनीच आणले.