मुटका

पळसदेवात माझ्यासारखा पवणारा दुसरा न्हाय. आता पाण्यात पडलो की वर काढायला दोन माणसं लागत्यात, ती गोष्ट निराळी.

गुडघं गेलं माझं. डॉक्टर म्हणला, "आबा, चालणं कमी करा, पवा." दारात उजनी धरणाचं एवढं पाणी. पण कडंला नुसता गाळ. आत जायला जमतं, पाय उपसून यायला जमत न्हाय. म्हणून लेकानं बारामतीच्या पवायच्या तलावाचा पास काढला. निळी फरशी. तळ दिसणारं पाणी.

मी लंगोट कसून बांधला. त्यांची रबरी टोपी डोक्यात शिरंना, कपाळावर ठिवली. पाणी बघितलं आन डोकंच फिरलं. लहानपणी मारायचो तसा मुटका मारला. गुडघं पोटाशी येत न्हाईत, हे हवेत गेल्यावर आठवलं.

धाडकन आपटलो. काठावरचा एक साहेब भिजला.

"ए म्हाताऱ्या, इथं म्हशी धूत नाहीत. कुठला तू?"

"पळसदेवचा."

"वाटलंच. नीघ बाहेर."

निघू कसा? शिडी लोखंडी, सरळ उभी. पाय ठिवला की गुडघा न्हाय म्हणायचा. घसरायचो. काठावरची सगळी हसली. मीबी हसलो. शेवटी दोघा रखवालदारांनी काखेत हात घालून वासरू वढावं तसं वढलं. लंगोटाचं टोक शिडीलाच अडकलं. आणखी हसली. मीबी.

साहेब तेवढा हसला न्हाय. रखवालदाराला म्हणला, "हे सगळं पाणी बदला आधी."

मला काय वाटलं? काय न्हाय वाटलं. टावेल गुंडाळला. एस्टीत बसलो.

तोंड अजून हसतच हुतं. गाल दुखाया लागलं तवा कळलं.

भिगवणच्या पुढं धरणाचं पाणी दिसलं. आमचं जुनं गाव त्याच्या तळाला हाय. बाचं घर, चूल, उंबरा. आमच्या घरावर पाणी चढलं तवा कुणी साहेब म्हणला न्हाय, पाणी बदला.

घरी बायकू मेथी निवडत हुती. सगळं सांगितलं. लंगोटाचं जरा रंगवूनच सांगितलं. ती हसली न्हाय.

म्हणलं, "उद्या परत जाणार. चड्डी घालीन त्यांची. पण धरायला दांडा आन नीट पायऱ्या करा म्हणणार. रोज जाणार. बदलू दे रोज पाणी."

"जावा की," ती म्हणली. "पण तितं दात काढू नगा. तुमी हसता, म्हणून ती हसत्यात."